अर्थ नको, तारीख सांगा

दोन वर्षं मी कपड्यांच्या कॅप्शन लिहायचे. एका ऑनलाइन दुकानाच्या इन्स्टाग्राम पेजसाठी. साड्या आणि स्टोल विकायचे तर मध्येमध्ये थोडं 'ज्ञान' द्यावं लागतं, म्हणून आठवड्यातून एकदा जगातल्या कुठल्या तरी जुन्या कपड्यावर पोस्ट असायची. त्यातली सगळ्यात जास्त चाललेली पोस्ट चिनी रेशमी अंगरख्यांवरची. फोटो एका परदेशी म्युझियमच्या खुल्या संग्रहातले, मजकूर माझा. क्रौंच म्हणजे दीर्घायुष्य. वटवाघूळ म्हणजे सुख. कमळ म्हणजे पावित्र्य. शेवंती म्हणजे शरद ऋतू. आणि शेवटी एक ओळ, जिची मला आज लाज वाटते: 'चिनी माणसाने निसर्ग अंगावर मिरवला.'

आईने ती पोस्ट पाहिली. आई गेली तीस वर्षं घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला, बाहीची कड बघितली, गळ्याची पट्टी बघितली. मग म्हणाली, "कधी घालायचा गं हा? आणि कधीपर्यंत द्यायचा होता?"

शिवणाऱ्या बाईचे हे नेहमीचे दोन प्रश्न. गिऱ्हाईक कापड ठेवून गेलं की तिच्या वहीत आधी हेच दोन रकाने भरले जातात. माझ्याकडे दोन्हींचं उत्तर नव्हतं. "अगं, म्युझियममधला आहे तो," मी म्हणाले. "म्हणून काय झालं? कुणीतरी शिवलाच असेल ना?" असं म्हणून ती मशीनवर जाऊन बसली.

पुढचे काही महिने मी ती उत्तरं शोधत वाचत राहिले. वाचता वाचता माझं मत पक्कं होत गेलं, आणि तेच इथे मांडायचं आहे. चिनी रेशमावरच्या फुलापाखरांचे 'अर्थ' सांगणारे जे तक्ते आपण लाइक करतो, शेअर करतो, सेव्ह करून ठेवतो, ते आपल्याला फसवतात. त्यातला एकेक शब्द बरोबर असतो आणि तरी सगळं मिळून खोटं असतं. कारण त्या तक्त्यांत तारीख नसते आणि हात नसतात.

०००

आधी पहिला प्रश्न. कधी घालायचा?

याचं उत्तर थक्क व्हावं इतकं नेमकं मिळतं. मिंग राजवटीच्या अखेरच्या काळात बीजिंगच्या राजवाड्यात लिऊ रुओयू नावाचा एक खोजा होता, म्हणजे अंतःपुरात कामाला ठेवलेला, पौरुष काढून घेतलेला नोकर. त्याने 'झुओझोंग झी' या पुस्तकात राजवाड्यातलं वर्ष महिन्यावार लिहून ठेवलं आहे. कुठल्या महिन्यात काय खायचं, सण कसा करायचा, आणि कुठल्या दिवशी काय घालायचं. तारखा चांद्र महिन्यांतल्या, आपल्या तिथींसारख्या.

तिसऱ्या महिन्याच्या चौथ्या दिवशी राजवाड्यातल्या बायका आणि खोजे 'लुओ' नावाचं विरळ विणीचं रेशीम घालायला लागत. चौथ्या महिन्याच्या चौथ्या दिवशी 'शा', म्हणजे त्याहून तलम, जाळीदार. नवव्या महिन्याच्या चौथ्या दिवशी पुन्हा लुओ. दहाव्याच्या चौथ्या दिवशी जाड साटीन. बीजिंगमध्ये त्या दिवशी गार वारा सुटलाय की घाम फुटलाय, याचा इथे संबंध नाही. अंगाने तारखेप्रमाणे वागायचं.

कापड असं ठरलेलं, तसंच त्यावरचं चित्रही. छातीवर आणि पाठीवर एक चौकोनी भरतकामाचा तुकडा लावत, त्यावरचं चित्र सणागणिक बदलायचं. वर्षाच्या शेवटी आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला भोपळे. पहिल्या महिन्याच्या पौर्णिमेला दिवे. पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करण्याच्या चिंगमिंग सणाला झोपाळे. पाचव्या महिन्याच्या पहिल्यापासून तेराव्या दिवसापर्यंत पाच विषारी प्राणी आणि दवण्याच्या जातीच्या एका वनस्पतीबरोबर वाघ. सातव्या महिन्याच्या सप्तमीला मॅगपाय पक्ष्यांचा पूल. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्र आणि ससा. नवव्या महिन्याच्या नवमीला शेवंती. हिवाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या रात्री मेंढ्या.

ही यादी पुन्हा एकदा वाचा आणि सांगा, यात 'निसर्ग' किती आहे? धड फूल म्हणावं असं एकच, शेवंती. बाकी दिवे आहेत, झोपाळे आहेत, पूल आहे. यातला समान धागा निसर्ग हा नाही. समान धागा पंचांग आहे.

आणि मेंढीचं काय? तक्त्यात लिहिलेलं असतं, 'मेंढी म्हणजे शुभ'. का शुभ? चिनी भाषेत मेंढी-बोकडाला 'यांग' म्हणतात आणि यिन-यांगमधला उजेडाचा, उबेचा जो यांग, त्याचा उच्चारही तसाच. सगळ्यात मोठी रात्र सरली की दिवस मोठा व्हायला लागतो, यांग वाढायला लागतो. म्हणून त्या दिवशी यांगसाठी यांग. ही शाब्दिक कोटी आहे, आणि ती त्या भाषेत, त्या दिवशीच चालते. वटवाघळाचं तेच. 'फू' म्हणजे वटवाघूळ आणि 'फू' म्हणजे सुखसमृद्धी. वटवाघळात सुखी असं काही नाही, ते बिचारं उच्चारामुळे अडकलंय. कोटीतली भाषा काढून टाकली आणि तारीख काढून टाकली की उरतो तो 'मेंढी म्हणजे शुभ' असला चोथा. तो मी दोन वर्षं वाटला.

०००

आता कुणी म्हणेल, ठीक आहे, तारखा होत्या. पण सणाला सणासारखं नटावं यात वाईट काय? आपणही नवरात्रात आज कुठला रंग ते पेपरात बघतो.

बघतो. पण चुकीचा रंग घातला तर ऑफिसच्या फोटोत कडेला उभं राहावं लागतं, एवढंच. मिंग चीनमध्ये वेळ ही सम्राटाच्या मालकीची होती. तो आकाशाचा पुत्र, त्यामुळे आज कुठला दिवस आहे हे सांगण्याचा हक्क त्याचा. सरकारी पंचांग दरबारातून निघायचं, आणि त्याची नक्कल छापणाऱ्याचा शिरच्छेद होईल अशी ताकीद पंचांगाच्या वेष्टनावरच असायची. त्या मुलखात छातीवर शेवंती लावून फिरणं म्हणजे 'आज नवमी आहे, कारण दरबार म्हणतो आज नवमी आहे' हे अंगावर घेऊन फिरणं.

पुढे मांचू लोकांची चिंग राजवट आली, कपड्यांचे काप बदलले, पण ही शिस्त आणखी आवळली गेली. १७५९ मध्ये चिएनलोंग सम्राटाच्या आज्ञेने दरबारी वस्तूंचा आणि पोशाखांचा एक सचित्र नियमग्रंथ तयार झाला. कुणी, कुठल्या प्रसंगी, हिवाळ्यात काय आणि उन्हाळ्यात काय घालायचं, सगळं चित्रांसकट. अधिकाऱ्यांना फरची हिवाळी टोपी उतरवून विणलेली उन्हाळी टोपी कधी घालायची हे स्वतः ठरवता येत नसे. तिसऱ्या महिन्यात आणि आठव्या महिन्यात हा बदल व्हायचा, आणि त्यासाठी विधिखातं सम्राटाला अर्ज करायचं.

खुद्द सम्राटही सुटलेला नव्हता. हिवाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या रात्रीच्या सुमारास आकाशाच्या वेदीवर तो निळ्यात, उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी पृथ्वीच्या वेदीवर पिवळ्यात, वसंतात सूर्याच्या वेदीवर लाल रंगात, शरदात चंद्राच्या वेदीवर फिकट निळ्यात. चार ऋतू, चार वेद्या, चार रंग. आम्ही पोस्टमध्ये पिवळ्या अंगरख्याखाली लिहितो 'पिवळा म्हणजे राजेशाही'. आणि तोच सम्राट वर्षातल्या सगळ्यात मोठ्या यज्ञाला निळ्यात जायचा.

यात सौंदर्य नव्हतं असं मी म्हणत नाही. अफाट होतं. पण त्या सौंदर्याला 'पूर्वेकडची निसर्गात रमलेली माणसं' असं लेबल लावलं की हुकूम दिसेनासा होतो. हे लेबल युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी लावलं तर आपण त्याला नावं ठेवतो. मग स्वतः मराठीत तेच लिहितो.

०००

आता आईचा दुसरा प्रश्न. कधीपर्यंत द्यायचा होता?

या प्रश्नाचा साधा अर्थ असा की नवमीला शेवंती छातीवर हवी असेल तर कुणीतरी ती त्याच्या कितीतरी आधी भरायला घेतली पाहिजे. बीजिंगच्या राजवाड्याचं रेशीम प्रामुख्याने दक्षिणेकडून यायचं, सुझोऊ, हांगझोऊ, नानजिंगकडून. म्हणजे विणणं, मग वाहतूक, मग शिवण. हिवाळ्याचं साटीन उन्हाळ्यात मागावर. अंगावर ऋतू घालणाऱ्याला ऋतू वेळेवर मिळायचा. विणणारा कायम पुढच्या ऋतूत राबत असायचा.

रेशमाला स्वतःचाही एक ऋतू असतो, आणि तो दरबाराला विचारून येत नाही. तुतीला पालवी फुटली की अळ्या काढायच्या. मग जवळपास महिनाभर त्या रात्रंदिवस खातात, चार वेळा कात टाकतात आणि कोश विणतात. एका कोशातून निघणारा अखंड धागा साधारण किलोमीटरभर. त्या दिवसांत रेशीम पिकवणाऱ्या गावांत लोक दारं बंद करून घेत, पाहुण्यांनी यायचं नाही असा दंडक असे. घरातल्या बायका अर्ध्या रात्री उठून पानं टाकत. दरबारातही याच ऋतूचं एक नाटक व्हायचं. १७४२ मध्ये बीजिंगमध्ये रेशीमदेवतेची वेदी बांधली गेली, तिथे सम्राज्ञी वसंतात सोन्याच्या आकड्याने तुतीची थोडी पानं तोडायची. चित्रकारांनी त्या सोहळ्याची चित्रं काढून ठेवली आहेत. अर्ध्या रात्री उठणाऱ्या बायकांची नावंसुद्धा कुठे नाहीत.

विणकरांचं थोडं तरी कळतं. सुझोऊमध्ये रोजंदारीवरचे विणकर पहाटे ठरलेल्या पुलांवर येऊन उभे राहत. साटीन विणणारे फुलपुलावर, जाळीदार शा विणणारे एका मठाजवळच्या पुलावर, चरख्यावर काम करणारे आणखी एका गल्लीत. कुणी बोलावलं तर काम, नाहीतर त्या दिवशी पोटाला चिमटा. मुंबई-पुण्यात मजूर अड्ड्यावर, नाक्यावर उभी असलेली माणसं तुम्ही पाहिली असतील तर वेगळं सांगायला नको.

१६०१ साली या पुलांवरची माणसं भडकली. सम्राट होता वानली. त्याने कर गोळा करायला ठिकठिकाणी खोजे पाठवले होते. सुझोऊला आला तो सुन लोंग, आणि हाच राजवाड्यासाठीच्या रेशमाच्या कामावरचाही अधिकारी. त्याच्या माणसांनी मागामागे कर लावायचा घाट घातला. मालकांनी माग बंद केले आणि पुलावरच्यांची रोजी गेली. सहाव्या महिन्यात विणकर रस्त्यावर आले, कर गोळा करणाऱ्यांना त्यांनी मारलं, सुन लोंग हांगझोऊला पळाला. मग अटकसत्र सुरू होणार हे दिसल्यावर गे शिआन नावाच्या एका विणकराने 'हे सगळं मी केलं' म्हणून स्वतःला हवाली केलं. तो बारा वर्षं तुरुंगात होता. सुझोऊत आजही त्याचं थडगं आहे.

आता मघाची यादी आठवा. सातव्या महिन्याच्या सप्तमीला मॅगपाय पक्ष्यांचा पूल. त्यामागची गोष्ट चीनमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत असते. आकाशातल्या विणकर मुलीचं गुराख्यावर प्रेम बसलं. एका कथनाप्रमाणे लग्नानंतर तिचं विणकामाकडे दुर्लक्ष झालं, म्हणून आकाशाच्या स्वामीने दोघांना आकाशगंगेच्या दोन तीरांवर टाकलं. वर्षातून एकदा, सप्तमीला, मॅगपाय पक्षी पूल बांधतात आणि त्यांची भेट होते. तक्त्यात याच्यापुढे लिहिलेलं असतं: 'प्रेमाचं प्रतीक'. मला तर ती सरळसरळ वर्षातून एक दिवस सुट्टी मिळणाऱ्या कामगार बाईची गोष्ट दिसते. १६०१ साली, सुझोऊच्या विणकरांचा उठाव होऊन महिना होतो न होतो तोच, ती सप्तमी आली असणार. राजवाड्यातल्या बायकांच्या आणि खोजांच्या छातीवर तो पूल असणार. तोही कुठल्या तरी पुलावर उभ्या राहणाऱ्या माणसानेच विणलेल्या कापडावर.

०००

१६०१ हे साल मला सोडत नाही. लिऊ रुओयू, ज्याने ती तारीखवार यादी लिहिली, तो याच वर्षी राजवाड्यात दाखल झाला. पुढे राजकारण फिरलं, एका पडलेल्या गटातला म्हणून तो तुरुंगात गेला, आणि आपण निर्दोष आहोत हे सांगण्यासाठी त्याने ते पुस्तक तिथे लिहिलं. कुठल्या तारखेला कुठलं रेशीम, कुठल्या सणाला कुठलं चित्र, हे सगळं तुरुंगातल्या माणसाने आठवून लिहिलेलं आहे. त्याला 'निसर्गप्रेम' म्हणायची आपली हिंमत कशी होते?

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली. वानलीने आपल्या थोरल्या मुलाला अखेर युवराज केलं. पंधरा वर्षं तो टाळत होता, कारण मुलगा एका साध्या दासीच्या पोटचा होता आणि सम्राटाचा जीव दुसऱ्या राणीच्या मुलात होता. ती दासी पुढे उपराणी झाली, पण नवऱ्याच्या नजरेतून उतरलेलीच राहिली. १६११ मध्ये ती वारली. १६२० मध्ये तिच्या नातवाच्या कारकिर्दीत तिला मरणोत्तर मोठा मान मिळाला, आणि शिआओजिंग सम्राज्ञी म्हणून ती वानलीच्या शेजारी, दिंगलिंग समाधीत पुरली गेली.

१९५६ ते १९५८ या काळात ती समाधी उघडली गेली. तिच्या शवपेटीत एक जाकीट सापडलं. त्यावर खेळणारी शंभर मुलं भरलेली आहेत. चिनी भरतकामातला हा प्रसिद्ध नमुना, 'शंभर मुलगे'. कुठल्याही तक्त्यात बघा: शंभर मुलगे म्हणजे अपत्यसुख, वंशवृद्धी, आशीर्वाद. आता ते जाकीट कुणाचं हे कळल्यावर पुन्हा तो शब्द उच्चारून बघा. एकच मुलगा वाढला, त्यालाही बापाने पंधरा वर्षं नाकारलं. अपत्यसुख! अर्थ बरोबर आहे. फक्त ती बाई त्यात कुठेच नाही.

आणि समाधी उघडल्यावर काय झालं तेही सांगायला हवं. शेकडो वर्षं बंद असलेलं रेशीम हवा लागताच कडक व्हायला, रंग सोडायला लागलं. ते वाचवायचं ज्ञान आणि साधनं तेव्हा हाताशी नव्हती. पुढे सांस्कृतिक क्रांतीत, १९६६ मध्ये, सम्राटाची आणि दोन्ही सम्राज्ञींची हाडं बाहेर काढून जाळली गेली. रेशीम इतकं टिकतं आणि इतक्या सहज जातं. म्हणून त्यावर लिहिणाऱ्याने जपून लिहावं.

०००

मी प्रतीकांच्या विरोधात आहे असा कुणी अर्थ काढेल म्हणून एक उलटं उदाहरण देते.

त्या यादीतले पाच विषारी प्राणी म्हणजे साप, विंचू, गोम, बेडूक आणि पाल. काही ठिकाणी एखादा बदलतो, कोळी येतो. पाचवा महिना म्हणजे ऐन उष्णता, रोगराई, बिळातून बाहेर येणारे जीव. या दिवसांत उत्तर चीनच्या खेड्यांत आया आपल्या तान्ह्या मुलांना पाच विषांची बंडी शिवायच्या, वाघाच्या तोंडाची टोपी घालायच्या. विषावर विष, आणि त्या सगळ्यांवर वाघ. इथे कपड्यावरच्या चित्राला 'अर्थ' नाही, काम आहे. पोर जगलं पाहिजे, हे काम. शिवणारी, घालणारा आणि तारीख, सगळं एका घरातलं. राजवाड्याने तेच चित्र उचललं आणि गणवेशावर लावलं. दोन्हींच्या खाली 'दुष्ट शक्तींपासून संरक्षण' एवढंच लिहिणारी कॅप्शन दोन्हींशी बेइमानी करते.

दुसरं उदाहरण आपल्या मुंबईतलं. पारशी बायकांचा 'गारा' तुम्ही निदान फोटोत पाहिला असेल. गडद रेशमावर पांढऱ्या-गुलाबी धाग्यांचं दाट चिनी भरतकाम, पिओनी, शेवंत्या, क्रौंच. एकोणिसाव्या शतकात कँटनशी व्यापार करणाऱ्या पारशी व्यापाऱ्यांनी हे मुंबईत आणलं. इथे आल्यावर त्या नक्षीच्या तारखा गळून पडल्या. पारशी बायकांनी नवी नावं ठेवली. लहान-मोठ्या ठिपक्यांना 'कांदा-पपेटा', म्हणजे कांदे-बटाटे. एका फुलाला 'करोळियो', म्हणजे कोळी, कारण त्यांना ते फूल कोळ्यासारखं दिसलं. मला ही नावं फार प्रामाणिक वाटतात. जे दिसलं ते म्हटलं, आणि लग्न, नवजोत अशा स्वतःच्या तारखांना ते नेसलं.

पण हल्ली गाऱ्याखालीसुद्धा 'समृद्धीचं प्रतीक' लिहायची साथ आली आहे. समृद्धी खरी आहे. जी जहाजं हे रेशीम घेऊन परत यायची, ती जाताना कापूस आणि अफू घेऊन जायची. ज्यांच्या नावाचं कला महाविद्यालय आणि रुग्णालय मुंबईत आहे त्या जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्तीही याच चीन-व्यापारातली, अफूसकट. त्याच अफूवरून १८३९ मध्ये युद्ध पेटलं. गाऱ्याची तारीख विचारली की हे सगळं बाहेर येतं. अर्थ विचारला की पिओनी आणि समृद्धी.

०००

हे सगळं जुनं झालं, असं तुम्हाला वाटत असेल तर फोन हातात आहेच. २०२२ मध्ये एका फ्रेंच फॅशन कंपनीच्या घागऱ्यावरून चिनी तरुणांनी पॅरिसमध्ये निदर्शनं केली. त्यांचं म्हणणं होतं की हा आमचा 'मामिएन' घागरा आहे, पुढे-मागे सपाट पट्टा, दोन्ही बाजूंना चुण्या, आणि तुम्ही त्याचं नाव न घेता विकताय. मुद्दा रास्त होता. पुढे चीनमध्ये जुन्या पोशाखांची लाट आणखी वाढली, आणि २०२४ च्या नववर्षाला, ड्रॅगनच्या वर्षाला, हे घागरे धडाधड विकले गेले. म्हणजे तारीख परत आली. सणाला सणाचं कापड.

पण ते शिवलं कुठे? बरंचसं शानतोंग प्रांतातल्या छाओ नावाच्या जिल्ह्यात, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या भरतकामाच्या मशीनवर. नववर्षाआधी तिथे रात्रपाळ्या चालतात. कुणाचा घागरा, चोरला कुणी, यावर हजारो पोस्ट निघाल्या. रात्रपाळीवर फारच थोड्या. पॅरिसला आणि बीजिंगला दोघांनाही 'आमचं' म्हणताना विणणारा आठवला नाही, यात तरी दोघांचं एकमत दिसतं.

मला हे माहीत आहे कारण मी अशाच घरात वाढले. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या घरात झोप नसायची. दाराशी कापडाच्या पिशव्या, प्रत्येकीवर टाचणीने लावलेली चिठ्ठी, नाव आणि तारीख. आई धनत्रयोदशीच्या रात्री शेवटचं हूक लावायची. पहिल्या आंघोळीला गल्लीतल्या अर्ध्या बायका तिने शिवलेला ब्लाउज घालून असायच्या आणि ती जुन्या गाऊनवर. तिचा स्वतःचा ब्लाउज तुळशीच्या लग्नापर्यंत कधीतरी व्हायचा. दिवाळीच्या कपड्यांबद्दल लिहिताना मी हे कधी लिहिलं नव्हतं. 'सणाचा रंग, सणाचा उजेड' असलं काहीतरी लिहिलं होतं. पैसे मिळाले होते.

म्हणून माझी मागणी छोटी आहे, आणि ती म्युझियमवाल्यांकडे, दुकानांच्या पेजकडे, आणि तुमच्याकडेही आहे, कारण कॅप्शन शेवटी तुम्ही वाचता म्हणून लिहिल्या जातात. जुन्या रेशमाखाली तीन गोष्टी लिहा. कुठल्या तारखेला घालायचं होतं. कुणाच्या हुकमाने. आणि कुठल्या गावच्या हातांनी विणलं. माहीत नसेल तर जागा मोकळी सोडा, तिथे 'शुभ' लिहू नका. रिकामी जागा वाचणाऱ्याला निदान खुपते.

ती जुनी पोस्ट मी बदलली. शेवंतीच्या फोटोखाली आता लिहिलंय: नववा महिना, नवमी. दरबाराच्या नियमाप्रमाणे. रेशीम दक्षिणेकडचं. विणणाऱ्याचं नाव: त्यापुढे जागा मोकळी आहे. लाइक्स पहिल्याच्या दहाव्या हिश्श्यानेही आले नाहीत, आणि महिन्याभरात ते काम सुटलं.

आईला दाखवली. तिने पुन्हा दोन बोटांनी मोठं केलं, वाचलं, मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "एवढ्या बारीक टाक्याचं," ती म्हणाली, "डोळे गेले असतील गं तिचे."

मी 'तो' लिहीत आले होते. तिने 'ती' म्हटलं. भरतकाम करणाऱ्या बायकांबद्दल मला अजून कितीतरी वाचायचं आहे.